धर्मानंद कोसंबी यांचे स्मरण



बौद्ध इतिहासाचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला वारले. त्यांच्यावर एका जैनाने बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल.

गोव्यातील साखवाळचा हा माणूस. शाळेचे शिक्षण बेताचे. बुद्धाचे चरित्र वाचून झपाटला आणि १८९९ साली घर सोडून पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप असे फिरत पाली शिकला. (मागे राहिलेल्या पत्नीने काय सोसले असेल, हे आपल्या चरित्रकारांनी फारसे विचारलेले नाही.) पुढे कलकत्ता विद्यापीठातील २५० रुपयांची नोकरी सोडून त्यांनी आपल्या सयाजीराव महाराजांचे दरमहा ५० रुपये पत्करले. अट एवढीच, की महाराष्ट्रात राहायचे आणि वर्षाला एक पुस्तक लिहायचे. आपले ज्ञान मराठी माणसाला मराठीत मिळावे, हा त्यांचा ध्यास होता. फर्ग्युसन, हार्वर्ड, गुजरात विद्यापीठ हे सर्व नंतरचे. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, परळला कामगारांसाठी व दलितांसाठी बहुजन विहार उभारला.

आता दुखऱ्या जागेकडे येतो. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी लिहिले, की त्या काळी श्रमणांना मांसाहार निषिद्ध नव्हता, जैन श्रमणही त्याला अपवाद नव्हते. आधार घेतला श्वेतांबर आगमांचा. आम्ही दिगंबर ते आगम प्रमाण मानत नाही. पण राग सगळ्यांनाच आला. त्यांनी लावलेला अर्थ मला पटत नाही. तरी त्याला उत्तर ग्रंथ उघडून द्यायचे होते, संतापाने नव्हे.

याच माणसाने शेवटी काय केले? शरीर थकले, दुसऱ्यावर भार होऊन जगायचे नाही असे ठरले, आणि त्यांनी अन्न सोडले. पहिल्या वेळी गांधीजींच्या आग्रहाने उपवास थांबवला; सेवाग्रामला मात्र तो पुरा केला. आमच्या घरांत याला सल्लेखना म्हणतात. २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा आत्महत्या ठरवला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, तेव्हा मला वारंवार धर्मानंद आठवत. डॉक्टर म्हणून सांगतो, अन्न सुटलेला रुग्ण रोज दिसतो. समजून-उमजून अन्न सोडलेला क्वचित. नातेवाईक दोघांनाही सलाईन लावा म्हणतात. हा फरक ओळखायला नाडी पुरत नाही, त्या माणसाचे सारे आयुष्य ठाऊक असावे लागते.

‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर निघाले. अहिंसा, सत्य, अस्तेय, अपरिग्रह हे चार याम मुनींपुरते ठेवू नका, समाजाच्या व्यवहारात आणा, असे त्यांचे म्हणणे. अपरिग्रहाचा हा अर्थ आम्हा व्यापारी मंडळींना मांसाहाराच्या वादापेक्षा जास्त बोचायला हवा होता. पुस्तक लहान आहे. ज्यांच्या घरी जुना राग अजून आहे, त्यांनी ते आधी वाचावे. न पटणाऱ्या जागा तिथेही आहेत. माझ्या प्रतीत मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत, हवी त्याने घेऊन जावी.