काम काढण्यापूर्वी उजवा रकाना वाचा

घराचं काम काढणं हा आपल्याकडे लग्नाइतकाच मोठा प्रसंग असतो. दिवाळी नाहीतर ईद तोंडावर आलेली असते, मुलाचं लग्न ठरलेलं असतं, आणि एके सकाळी मिस्त्री येऊन स्वयंपाकघराच्या भिंतीवर पहिला घण घालतो. खर्चाची यादी तयार असते. सिमेंट, वाळू, फरशी, सुतार, रंगारी. विम्याची ओळ मात्र त्या यादीत सहसा नसते.

कवितेच्या माणसाला विम्याचं काय कळतं, असं कुणी म्हणेल. पण पॉलिसीत सगळा मामला शब्दांचाच असतो आणि शब्द नीट वाचायची सवय मला आहे.

आपल्या विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या मजकुराची पॉलिसी आणली. आग, भूकंप, वादळ, पूर, दंगल, टाकी किंवा नळ फुटणं, हे सगळं तिच्यात येतं. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये, इतकं संरक्षण सामानालाही आपोआप मिळतं. आमच्या सांगली-मिरजेकडे २०१९ आणि २०२१चा कृष्णेचा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना हे महत्त्वाचं का, ते सांगावं लागणार नाही.

या पॉलिसीत धोके दोन रकान्यांत मांडलेले असतात. डावीकडे काय मिळेल आणि उजवीकडे काय मिळणार नाही. लोक डावा रकाना वाचून निश्चिंत होतात. काम काढणाऱ्याने उजवा वाचावा. घराखालची जमीन खचली तर भरपाई आहे. पण ती पाडापाडीमुळे, बांधकामामुळे, रचनेतल्या फेरबदलामुळे किंवा खोदकामामुळे खचली, तर नाही. म्हणजे ज्या दिवसांत धोका सर्वांत मोठा, नेमक्या त्याच दिवसांत पॉलिसी हात आखडता घेते. चटईक्षेत्र १० टक्क्यांहून जास्त वाढवलं, तर वाढीव हप्ता भरून पॉलिसीवर तशी नोंद करून घेतल्याशिवाय ती वाढ विम्यात धरली जात नाही. ५०० चौरस फुटांच्या घरात १० टक्के म्हणजे ५० फूट. मागच्या अंगणात एक खोली काढली की ही मर्यादा ओलांडली गेली.

चोरीचंही तसंच. या पॉलिसीत चोरीची भरपाई मिळते, ती आग-पुरासारख्या घटनेनंतर सात दिवसांत झालेल्या चोरीची. साध्या घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. काम चालू असताना दार दिवसभर उघडं असतं आणि दहा अनोळखी माणसं आत-बाहेर करत असतात, हे लक्षात घ्या.

भिंतीचा प्रश्न तर पैशांच्याही पुढचा आहे. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर दुरुस्तीचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. खांब, तुळई किंवा भार घेणारी भिंत हलवायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरचा कागद, सोसायटीची लेखी परवानगी आणि पालिकेची मंजुरी आधी हातात हवी. हे कागद नसताना विमा कंपनीपुढे दाव्यासाठी उभं राहणं किती अवघड जाईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

मग करायचं काय? काम सुरू होण्यापूर्वी कंपनीला लेखी कळवायचं. काय पाडणार, काय वाढवणार, किती दिवस, आणि त्या काळात घर रिकामं राहणार का. एजंटाला फोनवर सांगितलं, एवढ्यावर राहू नका. पोच घ्या.

मजला चढवण्यासारखं मोठं काम असेल, तर ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ नावाची वेगळी पॉलिसी असते. तिच्यात चालू कामाचं नुकसान आणि त्या कामामुळे तिऱ्हाइताचं झालेलं नुकसान, दोन्ही धरता येतात. खालच्या बिऱ्हाडाचं छत तुमच्या न्हाणीघराच्या कामाने गळू लागलं, तर तुमची घराची पॉलिसी त्या शेजाऱ्याला काही देत नाही. जुनं घरही या पॉलिसीत धरायचं असेल, तर तसं मुद्दाम मागून लिहून घ्यावं लागतं.

परांचीवर चढणाऱ्या माणसाचा विचार तर सर्वांत शेवटी होतो. कंत्राटदाराकडे कामगारांच्या नुकसानभरपाईची पॉलिसी आहे का, हे विचारा आणि कागद पाहा. ‘वरवाल्याच्या कृपेने तीस वर्षांत काही झालं नाही,’ असं उत्तर मिळेल. आपण स्वतः अल्लाहवर किंवा पांडुरंगावर भरवसा ठेवावा, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण कंत्राटदार कागदाऐवजी तोच भरवसा दाखवू लागला की सावध व्हावं.

काम संपल्यावर विम्याची रक्कम वाढवून घ्या. ही रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, घराच्या बाजारभावावर नाही. ओट्याखालची नवी कपाटं इमारतीत धरली की सामानात, तेही विचारून घ्या. भिंतीतले नळ आणि वायरी गिलाव्याखाली जाण्यापूर्वी त्यांचे फोटो काढा, बिलं जपा, आणि ही सगळी फाइल, काम संपेपर्यंत तरी, भावाच्या नाहीतर बहिणीच्या घरी ठेवा.