गिझरचं पाणी कधी चटका, कधी गार : मिस्त्रीला बोलावण्याआधी काय बघाल?

(हिरकणीवाडी येथे ग्रामसंघाच्या मासिक सभेत, घरी पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या सदस्यांसमोर क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कर्जाचा नाही, हप्त्याचाही नाही. आजचा विषय आहे आंघोळीचं गरम पाणी. हसू नका. गड बघायला आलेला पाहुणा आपली भाकरी, पिठलं, ठेचा सगळं वाखाणतो. पण सकाळी अंगावर साबण लावलेला असताना पाणी गार झालं, तर जाताना तेवढंच बोलून जातो. डिसेंबर-जानेवारीत सहली असतात, ६ जूनला राज्याभिषेक सोहळ्याची गर्दी असते. याच दिवसांत आपली कमाई होते आणि याच दिवसांत जुना गिझर रुसतो.

मिस्त्री महाडहून येणार. येण्याजाण्याचे पैसे वेगळे, दिवस त्याच्या सवडीचा. आणि पुष्कळदा निघतं काय? जाळीत अडकलेला गाळ, नाहीतर संपलेले सेल. म्हणून एक क्रम लक्षात ठेवा : आधी पाणी, मग वीज किंवा गॅस, आणि यंत्र सगळ्यात शेवटी.

आधी समजून घ्या : असं होतं का?

गॅसचा गिझर पाणी साठवत नाही. पाणी नळीतून जाता जाता तापतं. '६ लिटर'चा गिझर मोठ्या आचेवर मिनिटाला ६ लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवतो. आता पाण्याची धार निम्मी झाली तर काय होईल? आच तेवढीच, पाणी निम्मं. म्हणजे पाणी दुप्पट तापणार आणि चटका बसणार. धार आणखी बारीक झाली की गिझर आपोआप विझतो आणि गार पाणी येतं. नळ मोठा केला की परत पेटतो, परत चटका. चटका-गार-चटका हा खेळ बहुतेक वेळा धारेचा असतो, गिझर बिघडल्याचा नसतो.

पाहुणा काय करतो? पाणी फार गरम लागलं की गरम नळ बारीक करतो आणि गार नळ सोडतो. त्यामुळेच गिझर विझतो. खरी रीत उलटी आहे. गरम नळ पूर्ण सोडायचा आणि गिझरवरच्या बटणाने आच कमी करायची. ही एक ओळ मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून न्हाणीघराच्या दारावर चिकटवा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

विजेच्या साठवणीच्या गिझरचं गणित वेगळं. १५ लिटरच्या टाकीतलं पाणी ६० अंशांपर्यंत तापलं, तर गार पाणी मिसळून अंघोळीजोगं साधारण ३५ लिटर पाणी होतं, म्हणजे दोन बादल्या. तिसऱ्या पाहुण्याला गार पाणी आलं तर तो बिघाड नाही, टाकीच तेवढी आहे. पुन्हा तापायला २००० वॅटच्या गिझरला साधारण २० मिनिटं लागतात. सहा पाहुणे असतील तर आंघोळीच्या वेळा रात्रीच ठरवून घ्या.

ज्यांच्याकडे अजून तांब्याचा बंब आहे, त्यांनाही हाच नियम. वरून गार पाणी घाईने ओतलं की बाहेर कोमट पाणी येणार. दमाने ओता. आणि बंबात पाणी नसताना जाळ कधीच करू नका, डाग सुटतो आणि बंब गळायला लागतो.

पहिली पायरी : पाणी

१. एकाच न्हाणीघरात त्रास आहे की सगळीकडे? एकाच ठिकाणी असेल तर तिथला नळ किंवा शॉवर खोलून बघा. भोकं पांढऱ्या क्षाराने बुजलेली असतात. चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्यात रात्रभर ठेवून घासा.

२. त्याच वेळी स्वयंपाकघरात कुणी भांडी घासत होतं का? खाली नळ सुटला की वरची धार तुटते. पाहुणे आंघोळीला गेले की बाकीचे नळ बंद.

३. टाकी किती उंच आहे? टाकीपासून शॉवरपर्यंत दोन-अडीच मीटरसुद्धा उंची नसेल, तर गॅसच्या गिझरला पुरेसा जोर मिळत नाही. स्लॅबवर टेकवलेली टाकी चौथऱ्यावर किंवा लोखंडी स्टँडवर चढवा. ते जमेपर्यंत शॉवर बंद ठेवून खालच्या नळाने बादली भरू द्या. नळ जितका खाली, तितका जोर जास्त.

४. गिझरमध्ये पाणी शिरतं तिथे छोटी जाळी असते. पावसाळ्यात गढूळ पाणी येतं, उन्हाळ्यात बोअरचं किंवा टँकरचं. दोन्ही वेळा जाळी भरते. गॅस आणि पाणी दोन्ही बंद करून ती जाळी काढा, जुन्या टूथब्रशने धुवा आणि परत बसवा. पावसाळा संपला की टाकीचा गाळही काढा.

दुसरी पायरी : वीज किंवा गॅस

गॅसच्या गिझरमध्ये ठिणगीसाठी दोन मोठे सेल असतात. आपल्याकडच्या दमट हवेत त्यांच्या पत्र्यांना गंज धरतो. सेल बदला, पत्रे कोरड्या कपड्याने पुसा. सिलेंडर संपत आला असेल तरी आच मंद होते, तेही बघा.

विजेच्या गिझरसाठी आपल्या गावचं व्होल्टेज बघा. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर गिझरची ताकद साधारण ६० टक्क्यांवर येते. जिथे २० मिनिटं लागायची तिथे अर्ध्या तासाहून जास्त लागतं. संध्याकाळी दिवे मंद असताना गिझर रखडत असेल तर दोष गिझरचा नाही. २००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर वीज ओढतो, म्हणून त्याला १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट हवं. एक्स्टेन्शन बोर्डवर कधीच नको.

तिसरी पायरी : यंत्र, आणि इथे आपण थांबायचं

व्होल्टेज ठीक आहे, तरी पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतोय? मग आत कॉइलवर क्षाराचा थर बसला असेल किंवा थर्मोस्टॅट गेला असेल. हे काम मिस्त्रीचं. झाकण आपण उघडायचं नाही. एमसीबी वारंवार पडत असेल, नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर गिझर त्या क्षणी बंद करा आणि अर्थिंग तपासून घ्या. टाकीच्या सुरक्षा व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं म्हणून त्यात बूच मारू नका. आतली वाफ आणि दाब बाहेर जायला तीच वाट आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं

पाणी गार आलं तर एक पाहुणा नाराज होतो. पण बंद न्हाणीघरातला गॅसचा गिझर जीव घेतो. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. गॅस गळला तर वास येऊन आपल्याला कळतं, हा वायू कळतच नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो घेतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, हातापायातलं बळ जातं. दाराला आतून कडी असते आणि माणूस उठून ती काढूही शकत नाही. बाहेरच्याला वाटतं, आंघोळीला वेळ लागतोय.

म्हणून हे नियम सगळ्यांनी पाळायचे :

- गॅसचा गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा. आत फक्त पाण्याचा पाइप जाईल.
- तो बाहेर निघेपर्यंत आत दार लावून आंघोळ नको. दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर आणि गॅस बंद करा, मग कडी लावा.
- थंडी वाजते म्हणून झरोक्यात पोतं किंवा कागद कोंबू नका.
- आच निळी हवी. पिवळी, तांबूस झाली किंवा काजळी धरली, तर गिझर बंद आणि मिस्त्रीला बोलावणं.
- कुणाला भोवळ आली तर आधी दार-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा.

कुणी म्हणेल, एवढी वर्षं आतच आहे, काही झालं नाही. गिझर जुना होतो तशी काजळी वाढते, आच पिवळी पडते. काल झालं नाही म्हणून उद्या होणार नाही असं नसतं. आणि आपल्या भरवशावर आलेल्या दुसऱ्याच्या लेकराचा जीव त्या न्हाणीघरात असतो.

गटाने काय करायचं?

पंचसूत्रीत नोंदी ठेवणं आहेच. तशीच एक पानभर नोंद गिझरची ठेवा : तारीख, वेळ, कितव्या बादलीला पाणी गार झालं, तेव्हा घरात दुसरा नळ चालू होता का, दिवे मंद होते का. आठवडाभराची नोंद मिस्त्रीच्या हातात दिलीत, तर तो अंदाजाने सामान बदलणार नाही आणि तुम्हाला फसवणंही सोपं राहणार नाही.

दुसरं, एकेकटीने मिस्त्रीला बोलावू नका. सहलींचा हंगाम सुरू व्हायच्या आधी गटाने मिळून एकच दिवस ठरवा. येण्याजाण्याचा खर्च वाटून जाईल. ज्यांचा गॅस गिझर अजून आत आहे त्यांनी तो बाहेर काढण्यासाठी अंतर्गत कर्ज मागावं, आणि गटाने अशा मागणीला आधी नंबर द्यावा अशी माझी विनंती आहे. नवा गिझर घ्यायचाच असेल तर आयएसआय चिन्ह बघूनच घ्या.

पुढच्या सभेला येताना प्रत्येकीने तीन गोष्टी बघून यायच्या : जाळी धुतली का, आच कोणत्या रंगाची आहे, आणि गिझर आत आहे की बाहेर. हजेरी घेताना मी हे तीनही विचारणार आहे.