कोरी आफ्रिका



पत्रिकेत विषय छापलाय ‘युरोपीय नकाशाशास्त्राचा इतिहास’. तो इतिहास तुम्हाला ठाऊक आहेच. टॉलेमी, मर्केटर या मंडळींना इथूनच नमस्कार करतो आणि एका नकाशावर येतो. (हशा) कार्यवाह हसत नाहीयेत, याची नोंद घेतली आहे.

साल 1749, गाव पॅरिस. जाँ-बाप्तिस्त बूर्गिन्यों दाँव्हिल यांनी आफ्रिकेचा नकाशा प्रसिद्ध केला. सतराव्या शतकातला डच ब्लाऊंचा नकाशा त्याच्या शेजारी ठेवा. ब्लाऊंच्या आफ्रिकेत हत्ती, सिंह, समुद्रात गलबतं, कडेला नटलेली माणसं. बोट टेकवायला जागा नाही. दाँव्हिलनी हत्ती हाकलले. किनारा, इजिप्त, इथिओपिया, जिथे पुरावा होता तिथे बारीक काम केलं. आतला प्रचंड भाग कोरा ठेवला. ही साफसफाई गियोम दलील यांनी 1700 मध्येच सुरू केली होती, पण दाँव्हिल फार पुढे गेले. विचार करा, पैसे मोजून कोरा कागद कोण विकत घेतो? आणि तो विकायची छाती किती जणांना होते? माझं आजचं म्हणणं एवढंच: नकाशाकाराची पारख त्याने सोडलेल्या जागेवरून करावी.

हा माणूस पॅरिसच्या बाहेर फारसा पडलाच नाही. प्रवाशांची टिपणं, पोर्तुगीज कागद, अरब भूगोलकारांचे ग्रंथ समोर ठेवायचे, एकाच्या मैलाशी दुसऱ्याची मजल ताडून पाहायची. मेळ बसला तर रेघ, नाहीतर काही नाही. जमवलेले नकाशे जवळजवळ दहा हजार. 1779 मध्ये राजाने तो संग्रह विकत घेतला. हिंदुस्थानचा नकाशाही त्यांनी पॅरिसमध्ये बसूनच काढला, 1752 मध्ये. आपल्याकडे तेव्हा नानासाहेब पेशवे होते. त्यावर नंतर बोलतो.

दाँव्हिलच्या धाकट्या भावाबद्दल एक वाक्य. ग्राव्हलो या नावाने तो ओळखला जातो. वडिलांनी रोमला शिकायला पैसे दिले, ते याने उडवले. कॅरिबियनमधल्या सँ-दोमँगला जाऊन धंदा केला, तो बुडाला. (हशा) असा एक भाऊ प्रत्येक घरात असतो. पहिल्या रांगेत कोण कुणाकडे पाहतंय ते मला दिसतंय. पुढे याने लंडन गाठलं, तिथे चित्रकार म्हणून नाव काढलं. पुढे मोठा चित्रकार झालेला गेन्सबरो कोवळ्या वयात त्याच्या हाताखाली शिकला. पॅरिसला परतल्यावर थोरल्याच्या नकाशांना शीर्षकाची चौकट सजवून द्यायचं काम याने केलं. म्हणजे वाटणी बघा: कल्पनेचा सगळा पसारा धाकट्याच्या चौकटीत, थोरल्याच्या हद्दीत फक्त पुरावा. एक वाक्य जरा लांबलं.

आता मागून प्रश्न आलाय की दाँव्हिलनी टॉलेमीचे चंद्रपर्वत ठेवलेच ना? ठेवले. नाईलच्या उगमाशी ठेवले. अहो, दीड हजार वर्षांचं जुनं देणं एका माणसाने सगळं फेडायचं का? दुसरा प्रश्न अधिक टोकदार आहे: या कोऱ्या जागा पाहूनच 1884-85 मध्ये आफ्रिकेच्या वाटणीसाठी युरोपातले सगळे बर्लिनला जमले ना? कोरेपणाने हाव वाढवली, हे मान्य. पण ‘मला माहीत नाही’ असं लिहिलेल्या जागी ‘इथे कुणी राहत नाही’ असं वाचणाऱ्याचा दोष लिहिणाऱ्यावर का?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. पेशवे राहिले.

मग कोरी जागा भरली की काय होतं, त्याचंच उदाहरण देतो. जेम्स रेनेल, बंगालची मोजणी केलेला कसलेला सर्व्हेअर. त्याने 1798 च्या नकाशात पश्चिम आफ्रिकेत काँगची पर्वतरांग आडवी टाकली. मुंगो पार्क या प्रवाशाने लांबून काही डोंगर पाहिले होते, त्यांची रेनेलने रांग केली. पुढचे नकाशाकार ती उतरवत गेले. लुई-ग्युस्ताव्ह बँजे हा फ्रेंच अधिकारी 1887 ते 1889 या काळात त्या मुलखातून चालत गेला, तर पर्वतरांग नाहीच! कोरी जागा पुढच्या माणसाने भरली असती. भरलेली जागा पुसायला नव्वद वर्षं लागली, आणि तिथल्या रहिवाशांना कुणी विचारलं असतं तर एका दिवसात काम झालं असतं.

कार्यवाह उभे राहिलेत. उरलेल्या शंका चहाच्या टेबलाशी.