लॅपटॉपमधील अंगभूत ग्राफिक्स आणि खेळ

लॅपटॉप विकत घ्यावयाचा म्हटला कीं घरांत एक वाद हटकून उपस्थित होतो. मुलाला त्यावर खेळ खेळावयाचे असतात. वडिलांचें लक्ष अभ्यास, हिशेब आणि किंमत यांकडे असतें. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचें यंत्र महाग व वजनदार. त्यावांचूनचें स्वस्त आणि हलकें. या दुसऱ्या यंत्रावर खेळ चालतील काय, या प्रश्नाचें उत्तर त्याच्या रचनेंतच शोधावें लागतें.

पडद्यावरील खेळ म्हणजे भराभर बदलणाऱ्या चित्रांची मालिका होय. सेकंदाला ६० चित्रें हवीं असतील तर एका चित्रास जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर तेवढ्या अवधींत २०,७३,६०० ठिपके रंगवावे लागतात. हें काम करणारा विभाग पूर्वीं प्रोसेसरहून निराळ्या चिपमध्यें असे. २०११ सालीं इंटेलच्या सँडी ब्रिज आणि एएमडीच्या लानो या प्रोसेसरांत तो सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर आला. जागा वांचली, वीजही वांचली. परंतु बिऱ्हाड एक झालें, तशा एकत्र कुटुंबाच्या अडचणीही आल्या.

पहिली अडचण मेमरीची. स्वतंत्र कार्डाजवळ स्वतःची वेगवान मेमरी असते. अंगभूत ग्राफिक्सला प्रोसेसरच्याच मेमरींतून वांटा घ्यावा लागतो. डीडीआर४-३२०० जातीची एकच पट्टी बसविली असतां सेकंदाला फार तर २५.६ अब्ज बाइट माहितीची ने-आण होते. दोन पट्ट्या दोन मार्गांवर बसविल्यास ५१.२ अब्ज. जीडीडीआर६ मेमरीच्या मध्यम प्रतीच्या कार्डांत हाच आंकडा २०० अब्जांच्या घरांत जातो. स्वस्त लॅपटॉपांत पुष्कळदां एकच पट्टी असते. मग ग्राफिक्सचा विभाग कितीही चांगला असला तरी माहितीवांचून खोळंबून राहतो, आणि दोष मात्र त्याच्या माथीं येतो.

दुसरी अडचण उष्णतेची. हलक्या लॅपटॉपांत प्रोसेसर व ग्राफिक्स या दोहोंस मिळून बहुधा १५ ते २८ वॅट शक्ति मिळते. म्हणून खेळ आरंभीं सुरळीत चालतो आणि यंत्र तापल्यावर मंदावतो.

तथापि निराश होण्याचें कारण नाहीं. ठिपके १२८० गुणिले ७२० केले कीं संख्या ९,२१,६०० वर येते, म्हणजे काम निम्म्याहून कमी होतें. व्हॅलोरंटसारखे हलक्या बांधणीचे खेळ अशा यंत्रांवर चांगले चालतात. २०२२ सालच्या रेडिऑन ६८०एम-सारख्या अंगभूत ग्राफिक्सवर तर बरेच भारी खेळही साध्या चित्रगुणांवर खेळतां येतात. सायबरपंक २०७७ सारखा खेळ पूर्ण वैभवानिशीं पाहावयाचा असेल, तर मात्र स्वतंत्र कार्डाला पर्याय नाहीं.

तेव्हां खरेदीपूर्वीं दोन गोष्टी विचाराव्या : मुलाला नेमके कोणते खेळ खेळावयाचे आहेत, आणि मेमरीची दुसरी पट्टी पुढें बसवितां येते काय. कांहीं लॅपटॉपांत मेमरी डाख देऊन कायमची जोडलेली असते. तेथें एकदां झालेली निवड बदलतां येत नाहीं. जेथें रिकामी खोबण असते, तेथें मात्र एका पट्टीच्या खर्चांत मुलाचा हट्ट आणि वडिलांचा हिशेब या दोहोंचा मेळ बसूं शकतो.