खाणीतली निळाई, सड्यावरची निळाई

पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींत खडीसाठी सुरुंग लावला, की फुटलेल्या काळ्या दगडाच्या पोकळीत क्वचित एखादा गडद निळा गोंडा दिसे. हे कॅव्हन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांच्या नावांतली अक्षरं जुळवून त्याचं बारसं झालं. ते प्रथम सापडलं अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये, पण जगभरचे संग्राहक जपतात ते उत्तम नमुने बहुतेक वाघोलीचे. स्टिलबाइट या पांढऱ्या खनिजावर बसलेला हा गोंडा पुष्कळदा वाटाण्याएवढाही नसतो. मॅक्रो लेन्स लावली, की एका बिंदूतून चहूकडे फुटलेल्या निळ्या सुया वेगवेगळ्या मोजता येतात.

मात्र सगळ्या सुया एकाच फोटोत स्पष्ट येत नाहीत. स्फटिक सेन्सरवर त्याच्या मूळ आकाराएवढा उमटवायचा, तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यात एफ ८ अ‍ॅपर्चरला स्पष्ट दिसणारा थर जेमतेम १ मिलिमीटरचा. पाचपट मोठा करायला जावं, तर तो एक दशांश मिलिमीटरच्या आसपास येतो. अ‍ॅपर्चर फार बारीक केलं, तर प्रकाशाच्या विवर्तनाने सगळंच चित्र मऊ पडतं. म्हणून छायाचित्रकार कॅमेरा केसाकेसाने पुढे सरकवत ५०, १००, कधी २०० फोटो घेतो आणि संगणकावर प्रत्येकातला स्पष्ट भाग तेवढा जोडतो. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. चकाकत्या पैलूंवर थेट फ्लॅश मारला तर पांढरे डाग पडतात. मध्ये ट्रेसिंग पेपर धरला की उजेड निवतो. रात्र सरली तरी दगड जागचा हलत नाही.

सड्यावरचं फूल मात्र थांबत नाही.

साताऱ्याजवळच्या कास पठाराच्या कातळी सड्यावर पावसाळा सरता सरता सीतेची आसवे फुलतात. जांभळट निळं, सेंटिमीटरभराचं फूल, दोऱ्यासारखा देठ, आणि वारा अखंड. शंभर फोटो जुळवण्याची सोय इथे नाही. झुळूक थांबेल त्या क्षणी एकच कड धरायची, बाकीचं धूसर होऊ द्यायचं. ही निवडच खरी कला आहे. पण तिच्यासाठी आडवं पडायचं ते उघड्या कातळावरच. एका फोटोपायी शेकडो फुलं अंगाखाली चिरडली जातात, तेव्हा जीव तुटतो.

या दोन्ही निळाया एकाच दगडाच्या. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंडावून बेसॉल्ट झाला, तेव्हा वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या आत राहिल्या. पुढे खडकात मुरलेल्या गरम पाण्याने खनिजं विरघळवून त्या पोकळ्यांत स्फटिक रुजवले. वर सड्यावर पावसाने त्याच बेसॉल्टमधली क्षारद्रव्यं युगानुयुगं धुऊन नेली; मागे उरला लोह आणि अ‍ॅल्युमिनियमचा जांभा. त्यावरच्या बोटभर मातीत नायट्रोजन आणि फॉस्फरस फारच तुटपुंजे. म्हणून सीतेची आसवे बारीक जीव पकडून खातात. फुलाच्या देखण्या फोटोत ते सापळे कधीच येत नाहीत. ते असतात देठाखाली, ओल्या मातीत, मोहरीहूनही लहान. त्यांच्या तोंडाजवळ एखादा जीव आला, की पापणी लवण्याच्या आत पाण्यासकट आत ओढला जातो.