सांथ, पाणी आणि पोहणें



शाळामास्तराचा एक धर्म असा आहे, कीं फळ्यावर मांडलेलें उदाहरण चुकलें असें लक्षांत येतांच त्यानें तें सर्व वर्गादेखत पुसावें आणि पुन्हां नीट मांडावें. नोकरींत असतांना हा धर्म मीं पाळला. आज सेवानिवृत्तीनंतर तो पुन्हां पाळण्याचा प्रसंग आला आहे.

गोष्ट २०२० सालची. मार्चच्या ११ तारखेस जागतिक आरोग्य संघटनेनें कोविड-१९ ही जगद्व्यापी सांथ असल्याचें जाहीर केलें. २५ तारखेस आपल्या देशांत टाळेबंदी सुरू झाली आणि पोहण्याचे तलावहि बंद झाले. माझा नातू तेव्हां सात वर्षांचा होता. त्याच उन्हाळ्यांत त्याला पोहावयास शिकविण्याचें ठरलें होतें. मीं त्याला सांगितलें, "बाळ, पाण्यांत रोग आहे." शेजारच्या मुलांनाहि तेंच सांगितलें, आणि मास्तरांचा शब्द म्हणून सर्वांनीं तो मानला. २०२१ च्या फेब्रुवारीपासून केंद्र सरकारनें तलाव सर्वांस खुले करण्यास अनुमति दिली. दुसऱ्या लाटेंत ते पुन्हां बंद पडले व कालांतरानें उघडले. सर्व निर्बंध उठले, पण माझें वाक्य कांहीं उठलें नाहीं.

२०२४ च्या मे महिन्यांत नातू सुटीसाठीं मामाच्या गांवीं गेला होता. विहिरीच्या पायरीवरून त्याचा पाय घसरला. मळ्यांतील गड्यानें प्रसंगावधान राखून पोहऱ्याचा दोर त्याच्याकडे फेंकला, म्हणून मुलगा वांचला. अकरा वर्षांच्या मुलाला पांच हात पाणी कापतां येऊं नये, याचें कारण मी होतों. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

मग मीं विषय मुळापासून वाचावयास घेतला. कोविडचा विषाणु मुख्यत्वें श्वासाबरोबर बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून पसरतो. त्याच्याभोंवतीं स्निग्ध द्रव्याचें पातळ वेष्टन असतें. साबणानें तें फाटतें. क्लोरीनपुढेंहि त्याचा टिकाव लागत नाहीं. लंडन येथील इंपीरियल कॉलेजांतील शास्त्रज्ञांनीं २०२१ सालीं प्रयोगानें दाखविलें, कीं तलावाच्या पाण्यांत दर लिटरला दीड मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असेल आणि त्याचा सामू, म्हणजे आम्लता दाखविणारा अंक, ७ ते ७.२ असेल, तर या विषाणूची संसर्गशक्ति अवघ्या ३० सेकंदांत हजार पटींहून अधिक घटते. सामू जसजसा वाढतो, तसतसें क्लोरीन दुबळें होतें. म्हणून हे दोन्ही अंक एकत्र पाहावयाचे असतात.

याचा अर्थ तलाव बंद केले तें चुकलें, असा नव्हे. रोग पाण्यांत नव्हता. तो कांठावर होता. कपडे बदलण्याची कोंदट खोली, नांवनोंदणीची रांग, बांकावर खेटून बसलेलीं मुलें, एकमेकांच्या तोंडाशीं चाललेला आरडाओरडा, ही जागा धोक्याची होती. मीं भय धरलें तें योग्य; परंतु तें चुकीच्या जागीं धरलें.

मात्र सगळेच विषाणु इतके नाजूक नसतात. डोळे व घसा यांना पीडा देणारे ॲडिनो जातीचे विषाणु, तसाच काविळीचा 'अ' प्रकारचा विषाणु, यांना हें स्निग्ध वेष्टन नसतें, आणि ते पाण्यांत अधिक काळ तग धरतात. जेथें क्लोरीन घातलेलें नाहीं अथवा पुरेसें नाहीं, तेथें त्यांचें भय खरें आहे.

तेव्हां पुढें अशी सांथ आली, तर काय करावें? ताप, खोकला वा जुलाब असतांना तलावावर जाऊं नये. दिवसांतून क्लोरीन व सामू किती वेळां तपासतात, हें व्यवस्थापकांस विचारावें. त्यांची नोंदवही पाहावयास मागण्यांत संकोच नसावा. अंग घासून स्नान केल्यावांचून पाण्यांत उतरूं नये. तलावावर नाकाला झोंबणारा वास आला, कीं पाणी स्वच्छ आहे असें आपण समजतों. वस्तुतः घाम व मूत्र यांतील द्रव्यांशीं क्लोरीनचा संयोग झाला म्हणजे तो वास सुटतो. कांठावर अंतर राखावें आणि तेथें मुखपट्टी वापरावी. पण पाण्यांत ती लावूं नये, कारण भिजलेली पट्टी श्वास कोंडते. कपडे घरूनच बदलून जावें, आणि पोहणें झालें कीं गप्पांसाठीं रेंगाळूं नये.

आणि एक हिशेब विसरूं नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ या एका वर्षांत जगांत सुमारें तीन लाख माणसें पाण्यांत बुडून मेलीं. त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पांच वर्षांखालील मुलांचा होता. सांथीचा धोका येतो आणि ओसरतो. विहीर, नदी आणि समुद्र जेथल्या तेथें राहतात. कोणी बुडतांना दिसला, तर पोहतां येत असलें तरी एकदम उडी घालूं नये. दोर, बांबू, साडी, जें हाताशीं असेल तें त्याच्याकडे टाकावें आणि मदतीसाठीं हांक मारावी. त्या गड्यानें हेंच केलें.

गेल्या दिवाळीनंतर मीं स्वतः नातवाला तलावावर नेलें. आरंभीं तो कठडा सोडीना. म्हणाला, "आजोबा, तुम्हींच सांगितलें होतें ना, पाण्यांत रोग आहे म्हणून?" मीं म्हटलें, "सांगितलें होतें, तें चुकलें." तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि मग त्यानें कठडा सोडला. आतां तो तलावाची लांबी एका दमांत पार करतो.

ज्यांना ज्यांना मीं तें वाक्य सांगितलें होतें, त्यांच्यापैकीं कोणी आज ऐकत असतील, तर त्यांनीं तें पुसून टाकावें, एवढीच विनंति.