चाक कोण बदलणार?

(पावसाळ्याच्या तोंडावर मंगरूळपीर तालुक्यात झालेल्या महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



शिबिरात कायद्याचं सत्र आहे, आरोग्याचं आहे, आणि मध्येच हे चाक कुठून आलं, असं सकाळी दोघीतिघींनी विचारलं. एकीनं तर म्हटलं, "ताई, आपल्याकडं गाडी कुठं आहे?" गाडी संघटनेची आहे. जुनी बोलेरो. तुमच्यापैकी निम्म्याजणी तिच्यात कधी ना कधी बसल्या आहात, आणि बहुतेक वेळा रात्री.

२०१६ च्या श्रावणातली गोष्ट. एका बाईला सासरच्यांनी मारून घराबाहेर काढलं होतं. तिला आणि तिच्या मुलीला आम्ही चौघी आमच्यातल्या एकीच्या घरी नेत होतो. कुठं नेतोय ते गावात कोणालाच सांगितलं नव्हतं. गाडी मी चालवत होते. वाशिमच्या अलीकडं चाक पंक्चर झालं. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. माझ्याजवळ लायसनही होतं, पण चाक कसं बदलतात ते मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. दीड तास काचा वर करून बसलो. मग मोटारसायकलवरून दोन भाऊ आले. भले माणसं होती. वीस मिनिटांत चाक बदलून दिलं, पैसेही घेतले नाहीत. फक्त विचारलं, "कुठल्या तुम्ही? एवढ्या रात्री कुठं चालल्या?" गाडीत रडणारी पोर होती, तोंड सुजलेली बाई होती. सकाळी आठ वाजता तिचा दीर दारात उभा होता.

त्या भावांना मी दोष देत नाही. त्यांनी चहाच्या टपरीवर नुसतं सांगितलं असेल. पण ती बाई त्याच दिवशी परत गेली. पुढचं इथं सांगत नाही, ती गोष्ट तिची आहे.

त्या महिन्यातच मी चाक खोलायला शिकले. आता तुम्ही शिकायचं.

पहिली अडचण सगळ्याजणी एकच सांगतात: "नट निघत नाही, आपल्यात तेवढा जोर नाही." दुकानात मशीननं, नाहीतर पान्यावर उभं राहून नट आवळलेले असतात. गाडीतला पाना वीतभर लांब. त्यानं पुरुषाचाही निघत नाही. तोही पान्यावर पाय देतो, फक्त ते आपल्याला सांगत नाही. जात्याचा खुंटा मधोमध का नसतो, काठाला का असतो? दळणारीला ठाऊक आहे. तोच हिशेब इथं. पान्याच्या दांडीवर दोन-अडीच फुटी लोखंडी पाइप चढवा आणि टोकाशी दाबा. घड्याळाच्या काट्याच्या उलट. नट कुरकुरत सुटतो. मात्र आवळताना पाइप लावायचा नाही, आटे जातात.

आणि जोराचं म्हणाल तर लाकडी चाकाची बंडी आठवा. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसायचं, लोखंडी धाव ढिली व्हायची. पेरणीआधी गावाबाहेर घिसाड्यांची पालं पडायची. धाव कापून आखूड करायची, जोडायची, गोवऱ्यांच्या आगीत लाल तापवून चाकावर चढवायची, वरून पाणी ओतलं की आवळून बसायची. त्या जोडावर घण कोण मारायचं? पुरुष सांडशी धरून बसलेला आणि घण बाईच्या हातात. आपण लहानपणी उभ्या राहून पाहिलंय. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० च्या सुमारास महिला समाख्याच्या कामातून बाया हातपंप दुरुस्त करायला शिकल्या, कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. त्यांनाही लोक आधी हसलेच होते.

माझी भाची जर्मनीत आहे. तिथं हिवाळ्याचे टायर वेगळे, उन्हाळ्याचे वेगळे. सात अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होऊन रस्ता धरत नाही, म्हणून. आपल्याला दोन जोड परवडायचे नाहीत आणि गरजही नाही. आपला ऋतू म्हणजे मे संपून जून लागतो तो. मेमध्ये काही जण सांगतात, ऊन आहे, हवा कमी ठेवा. हे चूक आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटतो. कंपनीनं सांगितली तेवढीच हवा, सकाळी गाडी थंड असताना मोजायची. स्टेपनीचीही, ती नेहमी उपाशी असते. टायरच्या खाचांमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. घासून टायर त्यांच्या बरोबरीला आला म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, तो टायर पावसाआधी काढायचाच. घासलेल्या टायरला पाणी बाजूला सारता येत नाही. टायरच्या अंगावर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दुकानदार 'नवा' म्हणाला तरी आकडे वाचा.

आता रीत. सपाट जागा, हॅन्डब्रेक, गाडी गिअरमध्ये, तिरक्या बाजूच्या चाकाला दगड. सगळ्यांना खाली उतरवा. नट आधी ढिले करायचे, चाक जमिनीवर असतानाच. मग जॅक. आपली काळी माती पावसात जॅक गिळते, म्हणून गाडीत एक जाड लाकडी पाट ठेवा. जेवायचा जुना पाट चालतो. गाडी उचलली की तिच्याखाली हात-पाय घालायचे नाहीत. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सारून ठेवा, जॅक घसरलाच तर गाडी त्यावर बसेल. नट पदरात नको, ताटलीत ठेवा. स्टेपनी चढवून नट हातानं बसवा, नटाची निमुळती बाजू आत. गाडी खाली घेऊन चांदणी काढतो तसे आवळा, एक सोडून एक. पन्नासेक किलोमीटरनंतर परत आवळून बघा.

एक अपवाद सांगते. समृद्धी महामार्ग आपल्या कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून जातो; ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. तिथं उजवं, वाहत्या रस्त्याकडचं चाक स्वतः बदलायला बसू नका. गाडी कडेला घ्या, सगळ्याजणी कठड्यापलीकडं उभ्या राहा आणि मदत बोलवा.

पुरुष येतील, पाना हातातून घेतील. प्रेमानंच घेतात. "दादा, तुम्ही बॅटरी धरा," एवढं म्हणायचं.

गाडी चिंचेखाली उभी केली आहे. चौघी-चौघींनी या, अंगठ्या काढून ठेवा. नट मी आधी ढिले करून ठेवलेले नाहीत.